दारात अडकणारे पाय: ठाण्यातली एक पार्किन्सन्सची केस, डोक्याला करंट आणि चालण्याचा सराव

पार्किन्सन्समध्ये डोक्याला करंट देऊन चालणं सुधारतं का, हा प्रश्न हल्ली सारखा येतो. कुणीतरी व्हिडिओ फॉरवर्ड करतं, त्यात एक आजोबा डोक्याला पट्टा बांधून झपझप चालताना दिसतात आणि घरच्यांना वाटतं आपलंच काहीतरी करायचं राहून गेलंय. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून एक केस सविस्तर लिहिते. मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट, प्रॅक्टिस नौपाड्यात. काका-काकूंना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात.

काका सत्तरीचे. आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेलेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही, हे पुढे फार उपयोगी पडलं. आजार सात-आठ वर्षांचा. सुरुवात उजव्या हाताच्या थरथरीने, मग अक्षर बारीक बारीक होत गेलं, बँकेत सही जुळेना तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, चालू झाली, पहिली काही वर्षं बरी गेली. माझ्याकडे आले तेव्हा थरथरीचं काहीच म्हणणं नव्हतं, तक्रार पायांची होती. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, वरचं अंग पुढे जायचं आणि पाय मागेच. वर्षभरात दोन-तीनदा पडले होते, एकदा भुवईवर टाके. आजार किती पुढे गेलाय ते सांगणाऱ्या होन-यार स्केलवर तिसरी पायरी, म्हणजे दोन्ही बाजूंना आजार, तोल सांभाळायला अवघड, पण स्वतःचं स्वतः करता येतं.

काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू का, मला कधीकधी वाटतं हे मुद्दाम करतात, जिना धडाधड चढतात हो, आणि किचनच्या दारात मात्र पुतळा."

हे जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि त्यावरून भांडणं होतात, म्हणून जरा नीट सांगते. नाटक नसतं ते. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही, ते काम मेंदूच्या आतल्या भागात, बेसल गँग्लियामध्ये, आपोआप चालतं आणि त्याला डोपामाइन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, मग ते आपोआप होणारं काम गंडतं, पावलं छोटी छोटी होत जातात आणि एका क्षणी थांबतात. पण समोर पायरी दिसली, जमिनीवर रेघ दिसली, कानावर ठेका पडला की मेंदू दुसरा रस्ता धरतो, लक्ष देऊन चालण्याचा, आणि तो रस्ता बऱ्यापैकी शाबूत असतो. जिन्यात प्रत्येक पायरी ही एक रेघच आहे. किचनच्या दारात रेघ नाही, वर जागा अरुंद, वळायचंय आणि त्याच वेळी काकू आतून विचारताहेत "गॅस बंद केलात का?" लक्ष तिकडे गेलं की हाही रस्ता बंद.

दुसरी एक गोष्ट बोलता बोलता कळली. हे लोक आधी जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचे, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, शहाबादी फरशी. रिडेव्हलपमेंट झालं, दोन वर्षं भाड्याने काढून नव्या टॉवरमध्ये आले आणि मुलाच्या मते तेव्हापासून आजार एकदम बळावला. मी घरी जाऊन बघितलं. नव्या फ्लॅटमध्ये मोठ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, सांधे दिसतसुद्धा नाहीत, सगळीकडे एकच पांढरं मैदान. पॅसेज चिंचोळा, त्यात फ्रिज किचनच्या दाराला लागून, आणि वर जायला लिफ्ट जिचं दार पाऊल टाकायच्या आत मिटतं. जुन्या घरात फरशीचे ठसठशीत जोड आणि रोजचे तीन जिने होते. आजार वाढला असेलच थोडा, वयही वाढलं, पण नव्या घराने काकांच्या पायाखालच्या खुणाच काढून घेतल्या असं माझं मत आहे. रिडेव्हलपमेंटमध्ये टाइल्स निवडताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, येणार तरी कसं.

करंटचा विषय मुलाने काढला, तो मशीनची किंमत वगैरे बघूनच आला होता. इथे तीन गोष्टींची कायम खिचडी होते. डीबीएस म्हणजे ऑपरेशन करून मेंदूत आत इलेक्ट्रोड बसवतात, छातीत बॅटरी, ग्रेनोब्लच्या बेनाबीद यांनी १९८७ मध्ये हा रस्ता दाखवला आणि अमेरिकेत पार्किन्सन्ससाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली. टीएमएस म्हणजे बाहेरून चुंबकीय झटके, ते डिप्रेशनसाठी मान्य आहे. आणि तिसरं टीडीसीएस, ज्याबद्दल हे व्हिडिओ फिरतात. यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून अगदी कमी, एक ते दोन मिलीअँपिअरचा सरळ करंट वीसेक मिनिटं सोडतात. या करंटने पेशी पेटत नाहीत, म्हणजे संदेश सोडत नाहीत, फक्त पेटायला जरा जास्त तयार होतात. जर्मनीत गॉटिंगेनला निट्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं की काही मिनिटांच्या करंटनेसुद्धा हाताच्या मोटर भागाची उत्तेजना बदलते आणि मशीन बंद केल्यावरही तो बदल काही काळ टिकतो. त्यावरून कल्पना अशी की मेंदू असा तयार असताना सराव केला तर सराव जास्त रुजेल. म्हणजे करंट हा इलाज म्हणून नाही, सरावाचा मदतनीस म्हणून. नुसता पट्टा बांधून टीव्ही बघत बसलं तर चालणं सुधारायचं काही कारण नाही.

पुरावा किती, तर डळमळीत. काही छोट्या अभ्यासांत करंट अधिक सराव हे नुसत्या सरावापेक्षा थोडं बरं दिसलं. पण २०१६ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, सहा ट्रायल, सगळे मिळून १३७ पेशंट, आणि निष्कर्ष हा की ठरवायला पुरेसा पुरावा नाही. २०२१ मध्ये खास फ्रीझिंगवर, म्हणजे पाय असे अडकण्यावर, ७७ लोकांची एक ट्रायल आली, त्यात खरा करंट आणि खोटा करंट (नुसता देखावा) यांत फ्रीझिंगच्या बाबतीत फरक पडला नाही. हे सगळं मी मुलाला आणि काकांना समोर बसवून सांगितलं. मुलगा जरा हिरमुसला. काका म्हणाले, "मग आपण आपलं मोजून बघू की." माझ्याकडे मशीन होतं, न्यूरोलॉजिस्टची हरकत नव्हती, फिट येण्याचा इतिहास नाही, डोक्यात धातू नाही, पेसमेकर नाही, टाळूवर जखम नाही. करंटचे वेगळे पैसे लावायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं, ज्याची खात्री देता येत नाही त्याचं पॅकेज करून विकणं मला जमत नाही.

पण मशीनला हात लावायच्या आधी गोळीची भानगड निस्तरली. काकू गोळी जेवणानंतर द्यायच्या, सकाळची तर दुधाबरोबर, उपाशीपोटी त्रास होईल म्हणून. लेव्होडोपाचं असं आहे की प्रोटीन आणि ती एकाच दारातून रक्तात आणि पुढे मेंदूत शिरतात, त्यामुळे दूध, डाळ, अंडी, पनीर यांच्या गर्दीत गोळी मागे पडते. न्यूरोलॉजिस्टना फोन करून विचारलं, त्यांनी जेवणाआधी अर्धा तास आणि मळमळ झालीच तर एखादं साधं बिस्किट असं सांगितलं, डोस तोच. दोन आठवडे थांबलो. बसलेल्या खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं ही जी टीयूजी टेस्ट असते तिला काकांना आधी साधारण तीस सेकंद लागायचे, ते नुसत्या गोळीच्या वेळेने पंचविसाच्या खाली आले. म्हणजे एक रुपयाचा करंट न लावता. हे मुद्दाम लिहितेय, कारण मशीन लावलं त्याच आठवड्यात गोळीची वेळ बदलली असती तर सगळं श्रेय त्या पट्ट्याला गेलं असतं.

मग फक्त सराव. जागेवर पूर्ण गोल फिरायला लावलं की फ्रीझिंग हमखास पकडता येतं, सरळ चालण्यात ते लपतं, आणि क्लिनिकमध्ये तर पेशंट नेहमीच शहाण्यासारखा चालतो. म्हणून मोबाइल घोट्याच्या उंचीवर ठेवून दोन्ही बाजूंना गोल फिरण्याचे व्हिडिओ काढले. काका डावीकडे वळताना जास्त अडकायचे. वेळ कायम गोळीनंतर पाऊण ते एक तास, म्हणजे औषध पूर्ण चढलेलं असताना.

पहिलं काम घरी, जमिनीवर पट्ट्या. मी पिवळी इन्सुलेशन टेप घेऊन गेले, अंदाजाने दोन चिकटवल्या, तोपर्यंत काका आतून स्टीलची फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन आले. खुर्चीत बसून मला एकेक अंतर सांगत होते, चाळीस सेंटिमीटर, काटकोनात, आणि एक पट्टी जराशी तिरकी गेली तर ती उखडायला लावली. हात थरथरतोय, पण नजर टूलरूमचीच. किचनच्या दारात एक पट्टी बरोबर उंबऱ्याच्या जागी, एक अलीकडे, एक पलीकडे. रंग टाइलच्या विरुद्ध हवा आणि पट्टी चालायच्या दिशेला आडवी हवी, उभी लावली तर तिचा काही फायदा नाही.

ठेक्यासाठी आधी मेट्रोनोम ॲप लावलं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांची उलटी होते. ज्यांना फ्रीझिंग नाही त्यांना आपल्या नेहमीच्या चालीपेक्षा दहाएक टक्के जलद ठेका चालतो, पण ज्यांचे पाय अडकतात त्यांना जलद ठेका दिला की पावलं आणखी छोटी होतात आणि अडकणं वाढतं, त्यांना उलट थोडा संथ लागतो. काकांना ती टिकटिक मुळीच आवडली नाही, ऑफिसच्या पंचिंग मशीनसारखं वाटतं म्हणाले. ते लहानपणी गावाकडे दिंडीत पावली खेळलेले, मग "ज्ञानबा तुकाराम" वर आलो. तोंडाने संथ म्हणायचं, प्रत्येक ठोक्याला टाच आधी. सुरुवातीला लाजायचे, क्लिनिकमध्ये बाकी लोक असायचे, पण महिनाभरात गुडघ्याच्या पेशंट बायकासुद्धा त्यांच्या मागे म्हणायला लागल्या.

अडकल्यावर काय करायचं हे वेगळं शिकवलं. ओढायचं नाही, "चला चला" करायचं नाही, हे काकूंसाठी. काकांसाठी: थांबायचं, श्वास, वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलवायचं आणि मग मोठं पाऊल. वळताना एका जागी गिरकी नाही, मोठा अर्धगोल घेऊन जायचं. आणि काकूंना एक सक्त नियम, ते वळत असताना प्रश्न विचारायचा नाही. हा नियम पाळायला आठवड्याभराच्या वर वेळ गेला, चाळीस वर्षांची सवय.

दोन-तीन आठवडे असं केल्यावर टीयूजी अठराच्या आसपास आला. किचनच्या दारात दिवसातून अनेकदा अडकायचं ते एखाद-दुसऱ्या वेळेवर आलं. आता इथवर करंट शून्य, हे लक्षात असू द्या.

त्यानंतर मशीन. मोजपट्टी घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर, दोन्हींचा मध्य जिथे मिळतो तो टाळूचा बिंदू. पायांचा मोटर भाग तिथेच, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या खाचेत. पॉझिटिव्ह स्पंज तिथे किंचित पुढे, दुसरा उजव्या भुवईच्या वर. काकांनी पट्टीचे आकडे स्वतः वाचून घेतले. पहिल्या दिवशी मशीन सारखं ओरडत होतं, कॉन्टॅक्ट खराब दाखवत होतं, स्पंज पुन्हा भिजवले तरी तेच. नंतर वास आला, खोबरेल तेल! अंघोळ करून चापून तेल लावून आलेले. तेलकट टाळूतून करंट नीट जात नाही, एकाच जागी जास्त गेला तर कातडी भाजू शकते. त्या दिवशी सेशन रद्द, फक्त सराव. नंतर तेलाला सेशनच्या दिवशी सुट्टी.

दोन मिलीअँपिअर, चढायला अर्धा मिनिट, मुंग्या येतात, थोडी खाज, स्पंजखाली लालसर होतं आणि उतरतं. पहिली काही मिनिटं बसून, मग मशीन कमरेच्या पाऊचमध्ये आणि कमरेला बेल्ट धरून चालणं, त्याच पट्ट्या, तीच वळणं, तीच पावली, आणि आता त्यात जोडकाम: शंभरातून तीन तीन वजा करत चालायचं, हातात पाण्याचा अर्धा कप, मध्येच मी मुद्दाम फोन वाजवायचा.

यात मी एक चावटपणा केला, काकांच्या संमतीने. एक आठवडा खरा करंट, एक आठवडा खोटा, म्हणजे सुरुवातीचं अर्धं मिनिट मुंग्या येतात आणि मग मशीन हळूच शून्यावर जातं. कुठला आठवडा कोणता हे माझी ज्युनिअर नाणं उडवून ठरवायची आणि बटणं तीच दाबायची, मला मोजायचं होतं म्हणून मलाही माहीत नव्हतं. काका तर खूश, कंपनीत इन्स्पेक्शनला असंच करायचो म्हणाले. रोज डायरीत स्वतःचा अंदाज लिहायचे, "आज खरा" किंवा "आज फसवलं". ज्युनिअरच्या चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा त्यांचे अंदाज नाणं उडवल्यासारखेच निघाले, आणि ज्या दिवशी "पाय हलके, आज नक्की खरा" असं ठळक लिहिलं होतं तो खोट्या आठवड्यातला दिवस होता. काका पाच मिनिटं हसत होते. मुलगा नाही हसला.

आकडे असे. या सगळ्या टप्प्यात टीयूजी अठरावरून सोळाच्या आसपास आला, पण खऱ्या आणि खोट्या आठवड्यांत सरळ चालण्यात फरक काढता येत नाही. जोडकाम करताना वळण्यात खऱ्या आठवड्यांत थोडं कमी अडकले, व्हिडिओ बघून मोजलं, पण तो फरक इतका बारीक की मी त्यावर पैज लावणार नाही. शिवाय खऱ्या करंटचा परिणाम पुढच्या आठवड्यात सांडत असेल तर खोटा आठवडाही पूर्ण खोटा राहत नाही, आणि सराव तर रोज पुढे जातोच आहे. एका माणसावर एवढंच कळू शकतं. माझं मत विचाराल तर काकांच्या सुधारणेतला मोठा वाटा गोळीच्या वेळेचा, पट्ट्यांचा आणि काकूंच्या गप्प राहण्याचा आहे, करंटचा असलाच तर चिमूटभर. तरी मशीनचा एक फायदा मी नाकारणार नाही: मशीन आहे म्हणून काका एकही दिवस बुडवत नव्हते, आणि मुलगा ऑफिसमधून वेळ काढून सोडायला यायचा. नुसत्या चालायच्या व्यायामाला अर्धे लोक तिसऱ्या आठवड्यात गायब होतात.

मधेच एक प्रकार झाला. पुतण्या इंजिनिअरिंगला, ऐरोलीहून आला आणि म्हणाला एवढं काय त्यात, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायर, घरी बनवून देतो. सर्किट कागदावर काढूनही दाखवलं. मी थांबवायच्या आधी काकांनीच त्याला विचारलं, "करंट लिमिट कुठाय? स्पंज सुकला, रेझिस्टन्स बदलला तर?" पुतण्या गप्प. व्हिडिओ बघून असले प्रयोग करणारे लोक खरंच आहेत, म्हणून लिहितेय: कातडी भाजते, आणि स्पंज चुकीच्या जागी बसला तर कुठला भाग तुम्ही चेतवताय ते तुम्हालाच कळत नाही. नका करू.

मुलाने डीबीएसचंही विचारलं होतं. न्यूरोलॉजिस्टने साधा नियम सांगितला, जे अडकणं गोळी चढल्यावर सुटतं त्याला ऑपरेशनने फायदा होऊ शकतो, जे गोळी चढल्यावरही राहतं त्याला सहसा होत नाही. काकांचं दोन्ही थोडं थोडं. शिवाय तोल आणि वय. सध्या नको असं ठरलं.

मशीन बंद करून महिना झाल्यावर परत मोजलं, टीयूजी सतराच्या आसपास, म्हणजे बहुतेक टिकलं. पण त्याच सुमारास काका लिफ्टमध्ये पडले. दार मिटायला लागलं, घाईत आत शिरले, एक पाय आत आला आणि दुसरा आलाच नाही. लागलं नाही फारसं, पण बाहेर जायची भीती बसली, आठवडाभर तलावपाळीची संध्याकाळची फेरी बंद. मी घरात पट्ट्या लावल्या होत्या, क्लिनिकमध्ये वळणं करून घेतली होती, लिफ्ट त्या यादीत नव्हती कारण काका ती टाळून जिन्याने उतरायचे आणि काकूंनी गुडघे दुखतात म्हणून लिफ्टचा आग्रह धरला होता. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. त्यांनी लिफ्टवाल्याला सांगून दार उघडं राहण्याची वेळ वाढवून घेतली, वरच्या मजल्यावरच्या एकाने तक्रार केली की लिफ्ट स्लो झाली, त्याला काकूंनीच गाठून समजावलं. लिफ्टच्या दाराशी बाहेर एक आणि आत एक पट्टी, आणि नियम असा की दार पूर्ण उघडल्यावर एकदा वजन हलवायचं, मगच पाऊल. सराव लिफ्टमध्येच घेतला, दुपारी गर्दी नसताना, वर-खाली वर-खाली, वॉचमनला वाटलं काहीतरी शूटिंग आहे.

आता काका आठवड्यातून दोनदा क्लिनिकला येतात, बाकी दिवस घरी. पार्किन्सन्सच्या सपोर्ट ग्रुपला जायला लागलेत, तिथे इतरांच्या घरच्या पट्ट्यांची अंतरं तपासतात असं ऐकलं. लादी पुसून पुसून टेप निघते, ती दर महिन्याला बदलावी लागते, हे काम मुलाकडे. औषधाचा परिणाम उतरतो तेव्हा, दुपारी चारच्या सुमाराला, अजूनही अडकतात, त्यासाठी डोसच्या मधल्या अंतराबद्दल न्यूरोलॉजिस्टशी बोलणं चालू आहे. मुलगा विचारतो करंट परत कधी लावायचा. मी सांगितलंय, पुढच्या मोजणीत जोडकामाची वळणं घसरलेली दिसली तर पुन्हा एक फेरी करू, आणि तेव्हाही नाणं उडवूनच.